सॉफ्टवेअरच्या अपडेटवरून सर्चमध्ये सापडणारा लेख कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नवीन आवृत्ती आली, रिलीज नोट लिहून झाली, आता तिचा लेख करायचाय, काय करू?" मला येणाऱ्या बहुतेक मेलची सुरुवात अशी असते. मी बिलिंग आणि अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी लिहितो, म्हणून खालच्या उत्तरांत जीएसटी वारंवार येईल. तुमचं सॉफ्टवेअर शाळेचं असो वा दवाखान्याचं, पद्धत तीच लागू पडते. जिथे लागू पडत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

१. रिलीज नोट, चेंजलॉग आणि अपडेटवरचा लेख हे एकच नाही का?

नाही, कारण तिन्हींचा वाचक वेगळा आहे. चेंजलॉग म्हणजे नोंदवही. कोणत्या आवृत्तीत काय वाढलं, काय बदललं, काय काढलं, काय दुरुस्त झालं, हे तारीखवार लिहिलेलं असतं. ती डेव्हलपर आणि सपोर्टची माणसं उघडतात. रिलीज नोट ही तुमच्या आजच्या ग्राहकाला दिलेली सूचना असते. लेखाच्या वाचकाला मात्र तुमचं सॉफ्टवेअर कदाचित माहीतही नसतं. तो स्वतःची अडचण घेऊन गूगलवर आलेला असतो.

प्ले स्टोअरवर नव्या आवृत्तीच्या माहितीसाठी एका भाषेत ५०० अक्षरंच मिळतात. त्या सवयीमुळे अपडेट हा चार ओळींचा विषय आहे असं अनेकांना वाटतं. नोट चार ओळींची असेलही, पण त्यामागची अडचण तेवढी लहान नसते.

२. रिलीज नोट तशीच्या तशी ब्लॉगवर टाकली तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, फक्त ती कोणाला सापडत नाही. जे नाव तुम्ही परवा ठेवलं ते लोक आज शोधणार कसे?

माझं आवडतं उदाहरण एक्सेलचं आहे. ऑगस्ट २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सलूकअप हे तक्त्यातून माहिती शोधून आणणारं नवं फंक्शन (तयार सूत्र) जाहीर केलं. त्या दिवशी जगात कोणीही ते नाव शोधत नव्हतं. पण व्हीलूकअप या त्याच कामाच्या जुन्या फंक्शनने डावीकडच्या कॉलममधली माहिती कशी आणायची, मध्ये एक कॉलम घातला की उत्तर का चुकतं, हे प्रश्न लोक वर्षानुवर्षं विचारत होते. एक्सलूकअपने नेमके तेच सोडवले. "एक्सलूकअपची ओळख" असं शीर्षक दिलं तर लेख त्या नावाची ओळख होईपर्यंत पडून राहतो. "व्हीलूकअप डावीकडचा कॉलम घेत नाही, मग काय करायचं?" या लेखाला पहिल्या दिवसापासून वाचक असतो.

त्याच लेखात आणखी एक ओळ लागते, आणि रिलीज नोटमध्ये ती बहुधा नसते: एक्सेल २०१६ आणि २०१९मध्ये हे फंक्शन नाही. "माझ्याकडे का दिसत नाही?" हा प्रत्येक अपडेटनंतरचा मोठा प्रश्न असतो. त्याचं उत्तर लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत द्या.

३. प्रत्येक अपडेटवर लेख लिहायलाच हवा का?

नको. महिन्याला दहा बदल होत असतील तर त्यांतला एखादाच लेखाला पुरतो. मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: हा बदल व्हायच्या आधी या अडचणीवर लोक काय जुगाड करत होते? जुगाड सांगता आला तर लेख आहे. उदाहरणार्थ, एकाच ग्राहकाच्या दोन पत्त्यांसाठी दोन खाती उघडणं, किंवा महिनाअखेरीला बिलं एक्सेलमध्ये काढून हाताने बेरीज करणं. हे शेकडो लोक करत असतात आणि त्यावर उपायही शोधत असतात.

बटणाचा रंग बदलला, पान लवकर उघडू लागलं, आतली लायब्ररी (तयार कोडचा संच) बदलली, हे चेंजलॉगपुरतं ठेवा. कायद्यामुळे झालेल्या बदलावर मात्र नेहमी लिहा, तो सॉफ्टवेअरमध्ये कितीही छोटा असला तरी. तिथे शोधणारा घाईत असतो आणि चुकलं तर दंड त्याला बसतो.

४. लोक काय शोधतात हे महागडी टूल्स न घेता कसं कळेल?

सपोर्टच्या टेबलाजवळ दोन दिवस बसा. हे मी मनापासून सांगतो. मला यापेक्षा चांगली जागा आजवर मिळालेली नाही. ग्राहक फोनवर जे वाक्य बोलतो तेच तो आदल्या रात्री गूगलवर टाइप करून आलेला असतो. सॉफ्टवेअरच्या मेनूत "आउटस्टँडिंग रिसीव्हेबल्स" असतं आणि फोनवरचे काका विचारतात, "उधारीची यादी कुठं दिसते?" मेनूत "टॅक्स इनव्हॉइस" असतं आणि दुकानदार "पक्कं बिल" म्हणतो. लेखात दोन्ही शब्द हवेत. आधी त्याचा शब्द, मग मेनूत तो कोणत्या नावाने आहे ते.

दुसरी जागा म्हणजे गूगल सर्च कन्सोल, तुमचं संकेतस्थळ सर्चमध्ये कसं दिसतं ते सांगणारं साधन. ते मोफत आहे आणि त्यात मागच्या १६ महिन्यांची माहिती दिसते. तुमचं एखादं पान कोणत्या शब्दांवर दिसलं पण क्लिक झालं नाही, ती यादी काढा. त्यात असे प्रश्न सापडतात ज्यांचं उत्तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण संकेतस्थळावर कुठेच लिहिलेलं नाही.

तिसरी जागा गूगलची शोधचौकट. शब्द अर्धवट टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते पाहा. एरर असेल तर तिचा मजकूर पडद्यावर दिसतो तसाच्या तसा लेखात द्या, कारण लोक तो कॉपी करूनच शोधतात.

५. नवीन लेख लिहायचा की जुनाच सुधारायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माझ्याही झाल्या आहेत.

जीएसटीमधलं ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं. १ जानेवारी २०२१ला मर्यादा १०० कोटींवर आली, १ एप्रिल २०२१ला ५० कोटींवर, १ एप्रिल २०२२ला २० कोटींवर, १ ऑक्टोबर २०२२ला १० कोटींवर आणि १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींवर. तीन वर्षांच्या आत सहा टप्पे झाले आणि दर टप्प्याला सॉफ्टवेअरचं अपडेट आलं. ज्या कंपनीसाठी मी तेव्हा लिहीत होतो तिथे मी जवळपास प्रत्येक टप्प्यावर वेगळा लेख लिहिला. शीर्षकात कोटींचा आकडा आणि यूआरएलमध्येही (पानाच्या पत्त्यातही) तोच आकडा.

परिणाम असा झाला की मर्यादा १० कोटींवर आल्यानंतरही सर्चमध्ये वर दिसत राहिला तो २० कोटींचा लेख. तो जुना, त्याला लिंक्स जास्त, लोक तोच उघडत. बारा कोटी उलाढालीच्या एका वितरकांनी आमचाच लेख दाखवून सपोर्टला सांगितलं, "मला हे लागू नाही." ते बरोबरच वाचत होते. चुकीचं मी मांडलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा: प्रश्न तोच राहणार असेल आणि फक्त उत्तर बदलणार असेल, तर पान एकच. "ई-इनव्हॉइस कोणाला लागू आहे?" हा प्रश्न सहाही वेळा तोच होता. अशा पानाच्या यूआरएलमध्ये आकडा, वर्ष किंवा आवृत्ती घालू नका. वर आजचं उत्तर द्या, खाली टप्प्यांचा इतिहास. नवीन अपडेट आलं की वरचा परिच्छेद बदला, जुना खाली सरकवा आणि काय बदललं ते तारखेसह लिहा.

प्रश्नच नवीन असेल तर पानही नवीन. ई-इनव्हॉइस ३० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवण्याचं बंधन १ एप्रिल २०२५पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला आलं. ते "कोणाला लागू" यापेक्षा वेगळं आहे. इथे वाचकाचा प्रश्न "मुदत उलटली, आता काय?" असा आहे. त्याला स्वतंत्र लेख द्या आणि दोन्ही पानं एकमेकांना जोडा. जुने विखुरलेले लेख एकत्र कसे करायचे ते प्रश्न १३मध्ये आहे.

६. शीर्षकात आवृत्तीचा नंबर घालावा का?

सामान्य वापरकर्त्यासाठीच्या लेखात नको. ७.४.२ या आकड्याला तुमच्या ऑफिसबाहेर काही अर्थ नसतो. आकडा मजकुरात जरूर द्या: "ही सोय ७.४ आणि पुढच्या आवृत्त्यांत आहे. तुमची आवृत्ती मदत मेनूत दिसेल."

अपवाद दोन. पहिला, तुमचा वाचक डेव्हलपर असेल. तो आवृत्तीच्या नंबरानेच शोधतो, विशेषतः जुन्या आवृत्तीवरून नव्या मोठ्या आवृत्तीवर जाताना. अशा लेखाच्या शीर्षकात दोन्ही नंबर हवेत. दुसरा अपवाद म्हणजे नंबर हेच ज्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव झालं आहे असं सॉफ्टवेअर. विंडोज १० आणि विंडोज ११ ही लोकांसाठी नावंच आहेत.

शीर्षकाच्या लांबीबद्दलही विचारणा होते. गूगलने अक्षरांची मर्यादा ठरवलेली नाही. पडद्यावर मावेल तेवढं दिसतं, म्हणून महत्त्वाचे शब्द पुढे आणा. शीर्षक आणि मजकूर जुळत नसेल तर गूगल निकालात स्वतःच दुसरं शीर्षक दाखवू शकतं.

७. एका कोरड्या नोटचा लेख होतो कसा, ते उदाहरण घेऊन दाखवाल का?

समजा, नोट अशी आहे: "आयटम मास्टरमध्ये लागू-तारखेसह कराचा दर एकगठ्ठा बदलण्याची सोय." आयटम मास्टर म्हणजे दुकानातल्या सगळ्या वस्तूंची यादी. सप्टेंबर २०२५मध्ये बिलिंग सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना नेमकी अशीच सोय हवी होती. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५, १८ आणि काही वस्तूंना ४० टक्के असे दर आले. मध्ये अडीच-पावणेतीन आठवडे. ज्या दुकानात चार हजार वस्तू आहेत तिथला माणूस त्या दिवसांत काय शोधत असेल?

दर एकेक करून बदलायचा की एकदम? आज बदलला तर २१ तारखेपर्यंतची बिलं चुकतील का? जुना दर छापलेला माल शिल्लक आहे, त्याचं काय? आधी विकलेला माल २२नंतर परत आला तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारी चिठ्ठी) कोणत्या दराने?

हे चार प्रश्न म्हणजे लेखाची चार उपशीर्षकं. तुमची नोट पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आहे. उरलेल्या दोनांचं सॉफ्टवेअरशी थेट नातं नाही, तरी ते घ्या, कारण वाचकासाठी ती एकच अडचण आहे. कराबद्दलचा मजकूर सीएकडून तपासून घेतल्याशिवाय टाकू नका, इथे अंदाज चालत नाही.

मांडणी मी अशी ठेवतो. पहिल्या दोन-तीन वाक्यांत थेट उत्तर. मग मेनूचा मार्ग शब्दांत: कुठे जायचं, काय निवडायचं, तारीख कुठे टाकायची. स्क्रीनशॉट द्या, पण पायऱ्या फक्त चित्रात ठेवू नका. मोबाइलवर चित्रातली अक्षरं वाचता येत नाहीत आणि सर्चलाही मजकूर लागतो. त्यानंतर कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या प्लॅनमध्ये ही सोय आहे ते. मग चुकून दर बदलला तर मागे कसं यायचं ते. हा शेवटचा भाग बहुतेक कंपन्या विसरतात, आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी तोच शोधतो.

तुमचं सॉफ्टवेअर न वापरणाऱ्यालाही लेखाचा उपयोग व्हायला हवा. अर्धा लेख त्याच्यासाठी असला तरी चालेल. आज तो दुसरं काही वापरत असेल, पण अडचणीत मदत कोणी केली हे तो विसरत नाही.

८. डेव्हलपरकडे माहिती मागितली की दोन शब्दांचं उत्तर येतं. काय विचारायचं?

"हे फीचर काय आहे?" असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा: हे कोणत्या तक्रारीमुळे बनवलं? हे काय करत नाही? वापरताना कुठे अडखळायला होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. मर्यादा बनवणाऱ्याला ठाऊक असतात, पण कुणी विचारत नाही म्हणून त्या नोटमध्ये येत नाहीत. आणि त्यांनी पाठवलेल्या माहितीवर न थांबता ते फीचर स्वतः वापरून पाहा. डेमोतल्या तीन वस्तूंवर नको, खऱ्या आकाराच्या डेटावर पाहा.

९. लेख अपडेटच्या आधी टाकायचा की नंतर?

कायद्याशी जोडलेला असेल तर आधी. शोध घोषणेच्या दिवशीच सुरू होतो, लागू होण्याच्या दिवशी नाही. "आमचं अपडेट अमुक तारखेपर्यंत येईल, तोवर एवढी तयारी करून ठेवा" असा लेख टाका आणि अपडेट आल्यावर त्याच पानावर पायऱ्या भरा. तारीख पक्की नसेल तर वचन देऊ नका.

बाकी सोयींसाठी नंतर. अपडेट टप्प्याटप्प्याने पोहोचत असेल तर बहुतेक ग्राहकांपर्यंत गेल्यावरच लिहा, नाहीतर लोक लेख वाचतात आणि मेनूत ते बटण सापडत नाही.

पान लवकर नोंदलं जावं म्हणून सर्च कन्सोलमध्ये त्याची विनंती करता येते. इंडेक्सनाऊ ही पानातला बदल लगेच कळवणारी सोय बिंगसह काही सर्च इंजिनांसाठी चालते; गूगल ती वापरत नाही.

१०. लेख किती शब्दांचा असावा?

उत्तर संपेल तेवढा. शब्दसंख्येवर सर्चमधला क्रम ठरत नाही, हे गूगलने अनेकदा सांगितलं आहे. एक सेटिंग कुठे आहे हे सांगायला १५० शब्द पुरतात. त्याला "डिजिटल युगात व्यवसायाचं महत्त्व" अशी प्रस्तावना जोडली की वाचक परत जातो.

११. मेटा कीवर्डची जागा भरायची का?

नाही. ही पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी. वेब सर्चच्या क्रमवारीत ती धरत नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केलं. तो वेळ मेटा वर्णनावर, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या ओळींवर, घालवा. त्यानेही क्रम बदलत नाही, पण निकालात ते दिसलं तर माणूस क्लिक करायचं की नाही हे त्यावरून ठरवतो.

१२. जुन्या लेखावर आजची तारीख टाकली की तो वर येतो का?

मजकूर न बदलता फक्त तारीख बदलू नका. गूगलचाही तसा स्पष्ट सल्ला आहे, आणि वाचकाची त्यात फसवणूक होते. "अद्ययावत: आज" असं वाचून आत जावं आणि दोन वर्षांपूर्वीचा मेनू दिसावा, यानंतर तो तुमच्या कुठल्याच लेखावर विश्वास ठेवत नाही.

खरा बदल केला असेल तर तारीख जरूर दाखवा: पहिल्यांदा कधी लिहिलं आणि शेवटचं कधी सुधारलं, दोन्ही. साइटमॅपमधली (सर्च इंजिनसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीतली) शेवटच्या बदलाची तारीखही खरी असू द्या. ती सातत्याने बरोबर असेल तरच गूगल तिचा उपयोग करतं. साइटमॅपमध्ये प्राधान्य आणि बदलाची वारंवारता भरायच्या जागा असतात, त्यांकडे ते लक्षच देत नाही.

१३. फीचरचं नाव बदललं, किंवा फीचरच काढून टाकलं. जुन्या लेखाचं काय?

नाव बदललं असेल तर त्याच पानात दोन्ही नावं ठेवा: "आधी याला अमुक म्हणत." लोक जुनं नाव कितीतरी दिवस शोधत राहतात. यूआरएलला हात लावू नका.

फीचर काढलं असेल तर पान उडवू नका. ती सोय वापरणारा माणूस "कुठे गेलं?" म्हणून शोधणारच. वर ठळक लिहा: कधी काढलं, का काढलं, त्याऐवजी काय वापरायचं, आणि जुना डेटा कसा बाहेर काढायचा. वर्षभरानंतर त्यावर कोणीच येत नसेल तर पर्यायाच्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट करा, म्हणजे जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवा.

एकाच प्रश्नावर तीन-चार लेख झाले असतील तर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान निवडा, इतरांतला उपयोगी मजकूर त्यात आणा आणि बाकीची पानं ३०१ने त्याच्याकडे वळवा. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावं असं गूगल सांगतं. मी तर कायमच ठेवतो. सगळं होमपेजकडे वळवणं मात्र टाळा. उत्तर शोधत आलेल्या माणसाला दारातच उभं करून ठेवल्यासारखं ते होतं.

१४. चेंजलॉगची पानं सर्चपासून लपवू का?

सहसा नको. जुने ग्राहक तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती टाकून तीच शोधतात. पण दर छोट्या दुरुस्तीला दोन ओळींचं स्वतंत्र पान करत असाल तर ते थांबवा. मोठ्या आवृत्तीचं किंवा वर्षाचं एक पान करा आणि त्यात नोंदी घाला. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीवरून संबंधित लेखाची लिंक द्या.

लपवायचंच असेल तर नोइंडेक्स ("हे पान निकालात दाखवू नका" ही पानातली सूचना) वापरा आणि त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये (कोणती पानं उघडू नयेत हे सर्च इंजिनला सांगणाऱ्या फाइलमध्ये) ते पान अडवू नका. अडवलं तर गूगल पान उघडत नाही आणि आतला नोइंडेक्स त्याला दिसत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम करून "तरीही पान सर्चमध्ये का दिसतंय?" असं विचारणारे मेल मला नेहमी येतात.

लॉगिनच्या आड असलेली मदतपानं सर्चमध्ये येत नाहीत. गुपित नसेल ते बाहेर काढा.

१५. मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

ग्राहक सोलापूर, इचलकरंजी, लातूरचा असेल तर मराठीत लिहा, आणि त्याला रोज ऐकू येते त्या मराठीत. "बीजक" लिहिलंत तर तो थबकेल. "बिल" लिहा. "देयक प्रणाली"ने कोणी काही शोधत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. मराठी बोलणारे पुष्कळ लोक शोधताना रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात, किंवा दोन-तीन इंग्रजी शब्द टाकतात. तरी लेख रोमन लिपीत लिहू नका, ते वाचवत नाही. मजकूर देवनागरीत ठेवा आणि सॉफ्टवेअरमधली मेनूची नावं, एरर, फॉर्मची नावं पडद्यावर दिसतात तशीच द्या. शोधाचे शब्द बहुतेक वेळा तेच असतात.

मराठी आणि हिंदी एकाच पानावर मिसळू नका. लिपी एक असली तरी भाषा दोन आहेत, आणि पान कोणत्या भाषेचं हे गूगल मजकुरावरून ठरवतं. दोन पानं करा आणि एचरेफलँगने (दुसऱ्या भाषेतलं पान कुठे आहे ते गूगलला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणेने) ती एकमेकांशी जोडा. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता टाकलं तर मराठी वाचकाला ते पहिल्या ओळीत कळतं.

१६. एआयकडून लिहून घेतलं तर गूगल शिक्षा करतं का?

केवळ एआय वापरलं म्हणून नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये गूगलने तसं स्पष्ट केलं. पण मार्च २०२४पासून, क्रम वर आणण्यासाठी ढिगाने तयार केलेला निरुपयोगी मजकूर स्पॅमच्या धोरणात येतो, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने.

माझी हरकत व्यवहारातली आहे. तुमचं फीचर मागच्या आठवड्यात बनलं. एआयला ते माहीत नाही. ते आत्मविश्वासाने असा मेनू सांगतं जो तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. मसुदा करून घ्या, शुद्धलेखन तपासून घ्या, पण प्रत्येक पायरी तुमच्या बोटांनी एकदा करून पाहिलेली असली पाहिजे.

१७. एफएक्यू स्कीमा (गूगलला प्रश्नोत्तरं ओळखू यावीत म्हणून पानाच्या कोडमध्ये घातलेली खूण) लावला तर निकालात प्रश्न उघडून दिसतील ना?

आता नाही. ऑगस्ट २०२३मध्ये गूगलने ते नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरतं मर्यादित केलं. प्रश्नोत्तरं वाचकासाठी लिहायची असतील तर जरूर लिहा.

१८. लोकांना अपडेट आवडलं नाही. ते "जुनं परत कसं आणायचं" शोधताहेत. त्यावर आम्हीच लिहायचं?

हो, आणि सगळ्यात आधी तुम्हीच. ६ डिसेंबर २०१८ला वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या सॉफ्टवेअरची ५.० ही आवृत्ती आली आणि लिहिण्याची जागा, म्हणजे एडिटरच, बदलली. असंख्य लोकांना जुना एडिटर हवा होता. वर्डप्रेसने स्वतःच क्लासिक एडिटर हे प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) दिलं, आणि ते ५० लाखांहून जास्त संकेतस्थळांवर आहे. तुम्ही तो लेख लिहिला नाही तर दुसरं कोणीतरी लिहील, आणि त्यात तुमच्या ग्राहकाला भलतीच फाइल डाउनलोड करायला सांगितलेलं असू शकतं.

परत जाण्याची सोय असेल तर पायऱ्या द्या आणि ती किती दिवस राहणार तेही सांगा. नसेल तर "नाही" असं पहिल्या ओळीत लिहा, आणि जुनं काम नव्या पडद्यावर कसं होतं ते दाखवा.

१९. चूक आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये होती. ती दुरुस्त झाल्यावर लेख लिहावा का?

ग्राहकाचा हिशेब, पैसा किंवा डेटा यांना धक्का लागला असेल तर लिहाच. काय चुकलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला लागू, स्वतःच्या फाइलमध्ये कसं तपासायचं, कसं दुरुस्त करायचं. "काही सुधारणा केल्या" या वाक्याखाली चूक दडवली तर लोक ती शोधतातच, आणि त्यांना उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी संतापलेल्या शब्दांत मिळतं.

सुरक्षेची चूक असेल तर दुरुस्तीचं अपडेट उपलब्ध झाल्यावरच तपशील द्या, आणि तिला सीव्हीई क्रमांक (सुरक्षेच्या प्रत्येक उघड झालेल्या चुकीला दिला जाणारा ओळख क्रमांक) मिळाला असेल तर तो शीर्षकात घ्या. डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या असंख्य सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतली चूक उघड झाली तेव्हा आयटी सांभाळणारे लोक सीव्हीई-२०२१-४४२२८ हाच क्रमांक शोधत होते: आमच्याकडे असलेल्या अमुक सॉफ्टवेअरला हे लागू आहे का? ज्यांच्यावर परिणाम नव्हता त्यांनीही "आमच्यावर परिणाम नाही" असं पान ठेवणं गरजेचं होतं. त्या वेळी पहिली दुरुस्ती अपुरी निघाली आणि लागोपाठ आणखी आवृत्त्या आल्या. म्हणून अशा पानावर दर बदलाची तारीख आणि वेळ लिहा, आणि जुन्या नोंदी पुसू नका.

२०. लोक जे शोधताहेत ते नियमात बसत नाही. तरी त्यावर लिहायचं का?

ऑडिट ट्रेलबद्दल, म्हणजे हिशेबातल्या बदलांच्या नोंदीबद्दल, हे नेहमी विचारलं जातं. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक झालं, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये असा नियम आहे. अपडेट आलं तसे लोक "एडिट लॉग (म्हणजे हीच नोंद) बंद कसा करायचा" शोधू लागले.

त्यांतले सगळे काही लपवायला निघालेले नसतात. अनेकांची मालकी किंवा भागीदारी पेढी असते. हा नियम कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांसाठी आहे, आपल्याला तो लागू नाही, हेच त्यांना माहीत नसतं. काहींना फक्त यादी लांबलचक दिसते म्हणून ती नको असते. त्यामुळे याच प्रश्नावर लेख लिहा आणि सरळ उत्तर द्या: कंपनी असाल तर बंद करता येणार नाही, कारण हे, पेढी असाल तर तुमच्यासाठी ही वेगळी आवृत्ती किंवा सेटिंग आहे, यादी त्रास देत असेल तर ती अशी गाळून पाहा. पळवाट सांगू नका.

२१. लेख चालला की नाही हे कशावरून समजायचं?

पहिल्या आठवड्यातल्या भेटींवरून तर नाहीच. त्यात तुमच्या मेलवरून आलेले ग्राहक असतात. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये ते पान उघडा आणि कोणत्या शब्दांवर लोक आले ते वाचा. तुमच्या उत्पादनाचं नाव नसलेले शब्द वाढत असतील तर लेख नव्या माणसांपर्यंत पोहोचतोय. भारतात ऑगस्ट २०२४पासून गूगल काही प्रश्नांची उत्तरं एआयने लिहून निकालाच्या वरच दाखवतं. त्यामुळे पान दिसण्याचा आकडा वाढला तरी क्लिक तेवढे वाढतीलच असं नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

मी मात्र आणखी एक आकडा मागतो: त्या विषयावर सपोर्टला येणारे फोन. लेख टाकण्याआधीच्या महिन्यात किती होते आणि नंतर किती. फोन तेवढेच येत असतील तर त्यांतल्या दोन-तीन ग्राहकांना विचारा, लेख वाचला होता का आणि कोणत्या ओळीवर अडलात. ती ओळ त्याच दिवशी बदला.